भेकेचं नाव कुठे आहे? मराठी क्रीडा संपादकांना खुलं पत्र

गोरेगाव, मुंबई
१० मे २०२४

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा विभागांतले संपादक, उपसंपादक आणि वार्ताहर यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याची एक कात्रणवही आहे, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मागच्या रविवारी, ५ मेला, तो सकाळी सहाला उठून दारात उभा होता. एरवी शाळेच्या दिवशीही त्याला तीनदा हाका मारून उठवावं लागतं. आदल्या रात्री मुंबई सिटीने कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, मोहन बागानला ३-१ असं हरवून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा, करंडक जिंकला होता आणि कात्री, डिंक, पट्टी असा सगळा सरंजाम त्याने रात्रीच टेबलावर मांडून ठेवला होता.

पेपर आला. पहिल्या पानावर निवडणूक, ते समजण्यासारखं आहे. क्रीडा पानावर आयपीएल, तेही समजण्यासारखं आहे. पान उलटलं, पुन्हा परतवलं, आणि मग एका कोपऱ्यात बातमी सापडली. सहा ओळी. कोण जिंकलं, कुठे जिंकलं, गोल कुणी कितव्या मिनिटाला केले. त्याने ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "आई, यात भेकेचं नावच नाही?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

कुणा एका वर्तमानपत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. आमच्या घरी येणाऱ्या पेपराचं नाव मी इथे घेणार नाही, कारण शेजारच्या तीन घरांत येणारे तीन वेगळे पेपर मी त्याच सकाळी मागून पाहिले. कुठे सहा ओळी होत्या, कुठे आठ, एकात छायाचित्र होतं. भेके शोधूनही सापडला नाही.

राहुल भेके मुंबईचा. जन्म १९९० चा. कधी मध्यभागी, कधी उजव्या बाजूला खेळणारा बचावपटू, आणि यंदाचा मुंबई सिटीचा कप्तान. त्या रात्री स्टेडियममध्ये साठ हजारांहून जास्त माणसं होती, जवळजवळ सगळी हिरव्या-किरमिजी रंगाची, म्हणजे बागानची. त्या गर्दीसमोर एका मराठी आडनावाच्या मुलाने देशातल्या सर्वांत मोठ्या लीगचा करंडक वर उचलला. मुंबईचा संघ, मुंबईचा कप्तान, आणि मुंबईच्या मराठी पेपरात त्याचं नाव नाही. कारण साधं आहे: त्याने गोल केला नाही. बातमीत फक्त गोल करणाऱ्यांनाच जागा होती.

त्याचं नाव तुमच्याकडे पूर्वी आलेलं आहे, तेही सांगते. १७ मार्च २०१९, आपल्याच अंधेरीत, मुंबई फुटबॉल अरेनावर आयएसएलची अंतिम लढत. बेंगळुरू विरुद्ध गोवा, नव्वद मिनिटं शून्य-शून्य, जादा वेळही संपत आलेला, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर उडी घेऊन बेंगळुरूच्या भेकेने डोक्याने गोल केला. मग ११ एप्रिल २०२२, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया संघाविरुद्ध मुंबई सिटी एका गोलने मागे होती. दिएगो मॉरिसिओने ७० व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांनी अहमद जाहूच्या कॉर्नरवर पुन्हा भेकेचं डोकं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ मुंबईचा ठरला तो त्या गोलमुळे. (हा जाहू २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात गोव्याकडून खेळत होता आणि लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता. तीन वर्षांनी त्याच्याच कॉर्नरवर भेकेने गोल करावा, ही गोष्ट कुणी मराठीत लिहिली असेल तर मला ती वाचायची आहे.)

या दोन्ही वेळी त्याचं नाव छापून आलं, कारण तेव्हा त्याने गोल केले होते. बचावपटूचं रोजचं काम मात्र गोल होऊ न देणं हे आहे. ते काम उत्तम झालं की बातमीत काहीच उरत नाही. शून्य उरतं. हंगामभर मुंबईचा बचाव उभा करणारा माणूस त्या शून्यामागे झाकला जातो.

माझे वडील पोर्ट ट्रस्टमध्ये होते. शनिवारी अर्धा दिवस भरला की चर्चगेटच्या बाजूने चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचे. ऐंशीच्या दशकात मी सात-आठ वर्षांची असताना ते मलाही नेऊ लागले. रोव्हर्स कपचे दिवस होते ते. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा, आणि तिच्यासाठी कोलकात्याचे, गोव्याचे संघ मुंबईत यायचे. मला त्या वयात चेंडू सोडून काही दिसत नसे. वडील म्हणायचे, "चेंडू आपोआप दिसतो. तू स्टॉपरकडे बघ. तो हात कुठे दाखवतोय ते बघ." स्टॉपर म्हणजे गोलीच्या पुढे मध्यभागी उभा असणारा बचावपटू. मग घरी आल्यावर जेवताना पुन्हा सगळा सामना व्हायचा. मिठाची वाटी म्हणजे स्टॉपर, लोणच्याची बरणी गोली, लिंबाच्या फोडी फॉरवर्ड. "हा असा पुढे गेला ना, मागे खड्डा पडला. त्या खड्ड्यात हा घुसला." आई म्हणायची, आधी भात संपवा. पण मला लिंबाची फोड बरणीपर्यंत कशी पोचली ते नेमकं कळलेलं असायचं.

वडिलांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. फुटबॉलचं एकही इंग्रजी पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. तरी लेफ्ट आउट, सेंटर हाफ, स्टॉपर हे शब्द त्यांच्या मराठीत असे मिसळून गेले होते की ते परके वाटायचे नाहीत. पुढे रोव्हर्स कप बंद झाला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघही बंद पडला. वडील त्यानंतर सामन्याला गेले नाहीत. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मुंबई सिटीचा कुठलाच विजय त्यांनी पाहिला नाही. मी मात्र मुलाला घेऊन आझाद नगर मेट्रोला उतरते, अंधेरीच्या संकुलात शिरते आणि त्याला सांगते, स्टॉपरकडे बघ.

आता यंदाच्या विजयाकडे येते, कारण सहा ओळींत काय काय राहून गेलं ते तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

ही गोष्ट ४ मेला सुरू होत नाही. ती १५ एप्रिलला, त्याच सॉल्ट लेकवर, त्याच बागानसमोर सुरू होते. साखळीतला शेवटचा सामना. मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५. नुसती बरोबरी झाली असती तरी साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची शील्ड मुंबईची होती. बागानच्या लिस्टन कुलासोने पहिला गोल केला, जेसन कमिंग्सने दुसरा. मुंबईच्या छांगतेने शेवटी एक परत केला, पण २-१ असा सामना गेला आणि एका गुणाच्या फरकाने शील्डही गेली. त्या रात्री माझा मुलगा जेवला नाही.

नऊ दिवसांनी गोव्यातलं फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना, एफसी गोवा. बोरिस सिंगचा एक गोल, ब्रँडन फर्नांडिसचा दुसरा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे. शेजारच्या काकूंनी टीव्ही बंद केला होता, तो आमच्या घरातला आरडाओरडा ऐकून परत लावला. नव्वदाव्या मिनिटाला छांगते, पाठोपाठ विक्रम प्रताप, आणि सामना संपता संपता पुन्हा छांगते. सहा-सात मिनिटांत तीन गोल आणि ३-२! गोव्याच्या माझ्या मैत्रिणीने दोन दिवस फोन उचलला नाही. मग २९ तारखेला अंधेरीत दुसरा सामना. आम्ही दोघं हजर होतो. दियाझ आणि छांगते यांच्या गोलांवर २-० असा जिंकून आमचा संघ पुन्हा कोलकात्याला निघाला, जिथून १५ एप्रिलला रिकाम्या हाताने परतला होता.

ही सगळी पार्श्वभूमी मनात असेल तरच ४ मेच्या पहिल्या सत्राची कळ लागते. मुंबई चांगली खेळत होती. आमचा प्रशिक्षक पेत्र क्रातकी याचा संघ मागून, लहान लहान पास देत चेंडू वर आणतो. घाई करत नाही. आंतोनियो लोपेस हबास हे बागानचे प्रशिक्षक नेमके उलट मताचे. चेंडू तुमच्याकडे राहू दे, आम्ही जागा सोडणार नाही, तुम्ही एक चूक करा की आम्ही धावलो. छांगतेचा फटका गोलच्या चौकटीला लागून परतला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला, कारण हबासच्या संघासमोर अशी संधी वाया गेली की ते किंमत वसूल करतात. ४४ व्या मिनिटाला तेच झालं. बागानच्या पेत्रातोसचा लांबून मारलेला फटका आमचा गोली लाचेन्पा याने अडवला, पण चेंडू हातातून सुटला आणि कमिंग्स तिथेच उभा होता. मध्यंतराला ०-१.

सोमवारी सकाळी गोरेगावहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये आमच्या नेहमीच्या गटात याच गोलवर वाद झाला. एक म्हणाली, लाचेन्पाची चूक, चेंडू बाजूला ढकलायला हवा होता. दुसरीचं म्हणणं, एवढ्या जोराचा फटका थोपवला हेच पुष्कळ, परतलेल्या चेंडूवर आधी पोचायचं काम बचावपटूंचं. माझं मत दुसरीच्या बाजूने आहे. गोली फटक्यावर झेप घेतो तेव्हा त्याला चेंडू कुठे जाणार ते ठरवायला वेळ नसतो. आपल्या माणसाने त्या क्षणी गोलकडे वळलेलं असावं लागतं. म्हणजे त्या एका गोलसाठी मी भेकेच्या फळीलाही दोष देते. त्याची निव्वळ आरती ओवाळायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. चुकलं तेही मराठीत यावं, एवढंच माझं म्हणणं. बाकी लाचेन्पाने हंगामात नऊ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार घेतला, हेही त्याच दमात सांगायला हवं.

दुसऱ्या सत्रात काय बदललं? मला दिसलं ते असं: मुंबईने आपला खेळ बदललाच नाही. एका गोलने मागे पडलेला संघ सहसा उंच उंच चेंडू पुढे मारू लागतो आणि हबासच्या उंच, धिप्पाड बचावाला तेच हवं असतं. मुंबईच्या आपुइया आणि आल्बेर्तो नोगेरा यांनी मधल्या पट्ट्यात चेंडू शांतपणे खेळवत ठेवला. बागानची माणसं त्याच्यामागे थोडी थोडी पुढे सरकू लागली. ५३ व्या मिनिटाला नोगेराने एकच लांब पास पुढे सोडला आणि होर्हे परेरा दियाझने त्यावर धाव घेऊन बागानचा गोली विशाल कैथ याला चकवलं. पन्नास मिनिटांच्या लहान पासांनी त्या एका लांब पासासाठी जागा करून दिली होती. मी दुसऱ्या दिवशी मुलाला हे मिठाची वाटी आणि लिंबाच्या फोडी मांडून दाखवलं.

त्या पुढच्या पाऊण तासात बागानला एकही गोल करता आला नाही. पेत्रातोस, कमिंग्स, एका बाजूने लिस्टन, दुसऱ्या बाजूने मनवीर, पाठीशी साठ हजारांचा आवाज, आणि तरीही शून्य. भेके, तिरी, मेहताब यांनी हे शून्य कसं राखलं, कोण पुढे गेला की कोण मागे थांबत होता, रेषा कुणाच्या इशाऱ्यावर वर सरकत होती, हे स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून बघणारा एक मराठी वार्ताहर चार वाक्यांत सांगू शकला असता. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो. वडिलांनी सांगितलेलं स्टॉपरकडे बघणं टीव्हीवर जमत नाही, म्हणूनच तुमच्या माणसाचे डोळे आम्हाला हवे आहेत.

आणि तिरी. या एका माणसाची गोष्ट सहा ओळींत मावलीच नसती, पण बातमीच्या शेजारी चौकट करून नक्की मावली असती. हा स्पॅनिश बचावपटू १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्याला मोहन बागानकडून खेळत होता, मुंबईविरुद्ध. बागान पुढे होतं. जाहूचा लांब पास तोडायला तिरीने उडी मारली, चेंडू त्याच्या डोक्याला लागून त्याच्याच गोलमध्ये गेला. स्वयंगोल, १-१. मग नव्वदाव्या मिनिटाला बागानचा गोली अरिंदम भट्टाचार्य पुढे येऊन चुकला, मुंबईच्या ओगबेचेने चेंडू हिसकावला, बिपिनकडे दिला आणि मुंबईने पहिला करंडक जिंकला. तीन वर्षांनी तोच तिरी मुंबईच्या बचावफळीत, समोर तेच बागान, बागानच्या बाकावर तेच हबास. आणि ८१ व्या मिनिटाला, सामना १-१ असताना, गोलजवळच्या गर्दीतून चेंडू सोडवून मुंबईला पुढे नेणारा पुन्हा तोच बिपिन सिंग!

बिपिनने दोन अंतिम सामन्यांत, एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर, शेवटच्या दहा मिनिटांत विजयाचे गोल केले. तो मणिपूरचा. गेल्या वर्षी ३ मेला त्याच्या राज्यात हिंसाचार पेटला, त्याला एक वर्ष आणि एक दिवस झालेला असताना त्याने हा गोल केला. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही आणि मी त्याच्या तोंडी शब्द घालणार नाही. पण कुणीतरी त्याला विचारावं, त्याच्याशी बोलावं आणि मुंबईकरांना ते मराठीत वाचायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं. छांगते आणि आपुइया मिझोरामचे, लाचेन्पा सिक्कीमचा. ही पोरं आमच्या शहराचं नाव छातीवर घेऊन खेळतात. माझ्या मुलाने भारताच्या नकाशावर ऐझॉल शोधलं ते छांगतेमुळे.

लोकलमधला दुसरा वाद बिपिनवरच होता. त्याला सुरुवातीपासून का खेळवलं नाही? आमच्यातली सर्वांत तरुण मुलगी, मालाडला मुलींच्या संघातून खेळते, तिचं मत असं की ताज्या पायांचा बिपिन दमलेल्या बचावापुढे सोडणं हाच क्रातकीचा डाव होता. आधी खेळवला असता तर ८१ व्या मिनिटाला तो तिथे पोचलाच नसता. मला ते पटलं. तिने तेही सांगितलं की डिसेंबरमध्ये हंगामाच्या मध्यावर आलेल्या या प्रशिक्षकाला जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा खेळाडू सोडून गेल्यावर संघ नव्याने बांधावा लागला. अंधेरीत बागानविरुद्ध २-१ असा जिंकलेला तो डिसेंबरचा सामना आठवतो ना, सात लाल कार्डांचा? त्या सामन्यात मुंबईचा पहिला गोल स्टुअर्टचाच होता. आणि ४ मेच्या अंतिम सामन्यात शेवटी भरपाई वेळेत याकुब वोइतुसने मुंबईचा तिसरा गोल केला, तोही बदली खेळाडूच. म्हणजे करंडक बाकावरून आलेल्या माणसांनीही जिंकून दिला. हे अंधेरी ते दादर एवढ्या अंतरात बोलून झालं. चार बायका, एक मासळीची टोपली घेऊन उतरणारी मावशीही मधूनच "कोण जिंकलं गो?" विचारून गेली. सगळं मराठीत. शब्द कुठे अडले नाहीत.

म्हणून मला हे म्हणायचं आहे की भाषेची अडचण नाही. वृत्तसंस्थेकडून आलेली इंग्रजी बातमी घाईघाईत मराठीत उतरवली की ती कशी दिसते, ते तुम्हालाही माहीत आहे. वाचताना कळतं की लिहिणाऱ्याने सामना पाहिलेला नाही. पण हेच मराठी पान कुस्तीच्या दिवशी बघा. कुणी घिस्सा मारला, कुणी ढाक लावली, एकेरी पट कसा काढला, कोणत्या डावावर चितपट झाली, सगळं असतं. नुसतं "अमुक जिंकला" असं लिहून कुस्तीची बातमी देणाऱ्या वार्ताहराला कोल्हापुरात कुणी चहा पाजणार नाही. कबड्डीत चढाई कुणाची, पकड कुणाची, लोण कधी चढला, तेही येतं. आणि कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर फुटबॉलचंही तिथलंच उदाहरण देते. माझं माहेरचं आजोळ मंगळवार पेठेतलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पानावर चाल कुठून सुरू झाली, पास कुणाचा, हेडर कुणाचा, गोली कुठे चुकला, कोणत्या बचावपटूने गोलरेषेवरून चेंडू काढला, हे सगळं सविस्तर येतं. पेठेतल्या पोरांची नावं येतात, गोल न केलेल्यांचीसुद्धा. गोव्यातले मराठी पेपरही फुटबॉलला हात राखून जागा देत नाहीत. तेव्हा मराठी पत्रकारितेला हे येतं. फक्त मुंबईच्या पानापर्यंत पोचलेलं नाही.

जागा नाही, असं उत्तर मिळेल. जाहिराती किती आणि पानं किती ते मला माहीत नाही, पण तुमची ओढाताण होत असणार. वाचक नाहीत, असंही उत्तर मिळेल. ते मात्र मी मान्य करणार नाही. २९ एप्रिलला अंधेरीत माझ्या मागच्या रांगेत कांदिवलीचं एक कुटुंब होतं, आजोबांपासून नातीपर्यंत. पुढे वरळीची पाच मुलं. "अरे मागे बघ, मागे बघ," "एकट्याला सोडला त्याला," "खेळव रे, मारू नको" हे सगळं आमच्या आजूबाजूला मराठीत चाललं होतं. ही माणसं घरी जाऊन इंग्रजी संकेतस्थळांवर सामन्याविषयी वाचतात, कारण मराठीत वाचायला मिळत नाही. मग म्हणायचं की मराठीत वाचक नाहीत. माझा मुलगा मराठी माध्यमात शिकतो. त्याला आपुइया कसा खेळतो हे समजून घ्यायला परवा शब्दकोश घेऊन बसावं लागलं. मला त्याचा राग आला, आणि तो राग मुलावर नव्हता.

माझी मागणी मोठी नाही. अंतिम सामन्याच्या बातमीत दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू आणि बदली खेळाडू छापा. लहान टायपात छापा, क्रिकेटचा धावफलक छापता तसा. त्या धावफलकात शून्यावर बाद झालेल्याचंही नाव असतं, कुणाला ते वावगं वाटत नाही. एका गोलचं तरी वर्णन द्या, तो कसा घडला ते. आणि मुंबईचा सामना मुंबईत असेल तेव्हा एक माणूस पाठवा. शिकाऊ पाठवला तरी चालेल. लोणच्याची बरणी आणि मिठाची वाटी घेऊन त्याला शिकवायला आम्ही आहोत.

अजूनही वेळ गेलेली नाही. विजयाला आठवडाही झालेला नाही, संघाचे खेळाडू सुट्टीवर जायच्या आधी भेकेची एखादी मुलाखत होऊ शकते. त्याला काय विचारायचं ते माझ्या मुलाने लिहून ठेवलं आहे, ते जसंच्या तसं देते. १५ एप्रिलला हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये पहिलं कोण बोललं? तुम्ही मैदानावर तिरीशी कोणत्या भाषेत बोलता? सॉल्ट लेकच्या आवाजात तुमचा आवाज डावीकडच्या खेळाडूपर्यंत पोचतो का, की हाताने खुणा करता? लहानपणी तुमच्या घरी कुणी म्हणालं होतं का, गोल मारणारा हो, मागे कशाला खेळतोस? शेवटचा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे. तो शाळेच्या संघात स्टॉपर खेळतो आणि घरी आलेले पाहुणे पहिलं हेच विचारतात, किती गोल केलेस.

त्या सहा ओळी त्याने कापून वहीत चिकटवल्या आहेत, पानाच्या अगदी वरच्या कडेला. खाली पाऊण पान कोरं सोडलं आहे. मी त्याला म्हटलं, तिथे दुसरं काही लाव, जागा वाया जाते. नको म्हणाला.

आपली,
गोरेगावची एक वाचक